उद्या कुणाची पाळी

गल्लीत राहायला येऊन तिला दोन वर्षं होऊन गेली होती. तिच्यानंतर तीन बिऱ्हाडं आली, त्यांतलं एक गेलंसुद्धा, तरी सगळ्या तिला नवीच म्हणत. एकदा चिकटलेलं नाव सहजासहजी सुटत नाही. आत्याचंही तसंच होतं. ती अख्ख्या गल्लीची आत्या, पण तिला भाऊ असल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

गल्ली म्हणजे कारखान्यांच्या मागच्या भिंती आणि नाला यांच्यामध्ये उरलेली जागा. जागा उरली होती म्हणून माणसं राहिली. नळ एक होता. दिव्याचे खांब दोन होते आणि त्यांतला एक लागायचा. शाळाही होती, पण ती सहा वर्षांच्या पोरांना घ्यायची. जन्मल्यापासून सहा वर्षांपर्यंत माणसानं काय करायचं, हे वरच्या लोकांनी ठरवलेलं नव्हतं.

नवीची मुलगी तीन वर्षांची होती. नवरा गेला होता. वारला नव्हता, गेला होता, आणि हा फरक समजावून सांगायचा नवीला कंटाळा आला होता. पलीकडच्या धुलाईघरात हॉस्पिटलांच्या चादरी धुवायला येत. तिथं तिला घडी घालायचं काम मिळालं. पोर कुठं ठेवायची हा प्रश्न होता. सुरुवातीला नवीनं जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही, पण केलं ते केलं. पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, वाटीत काहीतरी खायला ठेवायचं, पोरीला आत बसवायचं आणि बाहेरून कडी घालून कुलूप लावायचं. मग दिवसभर चादरींचे कोपरे जुळवताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट चालायची, की आत्ता आग लागली तर.

एके दिवशी ती घरी आली तेव्हा आत्या तिच्या बंद दाराबाहेर जमिनीवर बसली होती. आत्याही धुलाईघरातलीच, पण त्या दिवशी गुडघ्यांमुळे घरी राहिली होती. आतून पोर रडत होती आणि बाहेरून आत्या तिला गोष्ट सांगत होती. गोष्ट बरीच लांबलेली दिसत होती.

"उद्यापासून किल्ली देऊन जात जा," आत्या म्हणाली. "दाराशी बोलून बोलून घसा बसला माझा."

नवी रडायला लागली. आत्यानं तिला पाणी आणायला सांगितलं, कारण घसा खरंच बसला होता.

त्यातूनच पुढचं सगळं निघालं. धुलाईघरात बायका सहाच होत्या, सगळ्या गल्लीतल्या, आणि नवीसारखीच बहुतेकींची गत होती. कुणाची पोरं शेजारणीच्या भरवशावर, कुणाची देवाच्या. आत्यानं आपली खोली मोकळी करून दिली. आठवड्याचे सहा दिवस आणि बायका सहा. रोज एकीनं कामावर जायचं नाही, सगळ्यांची पोरं सांभाळायची. त्या दिवसाची मजुरी बुडायची, पण ती सगळ्यांची सारखीच बुडत असल्यामुळे कुणाला बोलायला जागा नव्हती. सोमवारी इस्त्रीवाली, मंगळवारी दुसरी कुणी, गुरुवारी नवी, शुक्रवारी आत्या. आत्याला स्वतःचं पोर नव्हतं, तरी तिची पाळी सगळ्यांत आधी लागली होती.

आता मुकादमाला सांगणं आलं. धुलाईघरात कामापेक्षा मुकादमाला जास्त भ्यायचं अशी रीत होती. पन्नाशीचा, बिनलग्नाचा, आवाज बॉयलरच्या वरताण. बायकांबद्दलचं त्याचं ज्ञान कोणती डावखुरी आहे इथपर्यंतच होतं. त्याला कोण सांगणार यावर बराच वेळ घालवल्यावर आत्याच उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मुकादम, उद्या माझी पाळी आहे. मी येणार नाही."

मुकादमानं मान खाली घातली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बरं बरं," तो म्हणाला आणि कधी नव्हे ते झपाझप चालत बॉयलरकडे गेला.

"देवमाणूस आहे," आत्या परत येऊन म्हणाली. "कारणसुद्धा विचारलं नाही."

मग रोज एक जण जाऊन तेच सांगू लागली आणि रोज मुकादम बरं बरं म्हणू लागला. नवीला याचा सगळ्यांत जास्त आनंद होता, कारण तिला खोटं बोलता येत नसे. तो काही गुण नव्हता, चांगलीच अडचण होती. आधीच्या कामावर तिनं पोर आजारी आहे असं खरं कारण सांगून सुट्टी मागितली होती आणि त्यांनी तिला कायमची दिली होती. इथं खरं बोलूनही काम टिकत होतं. वर पोर दिवसेंदिवस बाळसं धरत होती आणि आत्याच्या शिव्याही शिकत होती.

थोड्या दिवसांनी धुलाईघरात खिडकीजवळ एक खुर्ची आली. तिच्यावर उशी होती. मुकादमानं ती स्वतः आणून ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "ज्यांना लागेल त्यांनी बसावं." कुणाला काय लागेल ते कुणाला कळलं नाही. इस्त्रीवालीनं तिच्यावर अभ्र्यांची चळत रचली. मुकादमानं ती चळत मुकाट्यानं उचलून खाली ठेवली. इस्त्रीवालीनं परत वर ठेवली. आठवडाभर हे चाललं. मग खुर्चीशेजारी गरम पाण्याची रबरी पिशवी दिसू लागली. ज्या जागी दिवसभर वाफेनं जीव उकडून निघतो तिथं गरम पाण्याची पिशवी बघून आत्या म्हणाली, "याचं लग्न वेळेवर झालं असतं तर बरं होतं."

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. समोरासमोर उभं राहून दोन दोन कोपरे धरायचे, ताणायचं, चालत एकमेकींजवळ यायचं, कोपरे जुळवायचे आणि परत मागे जायचं. बोलणं जवळ आल्यावरच होतं, कारण लांब गेल्यावर यंत्रं काही ऐकू देत नाहीत. त्यामुळे घडीवाल्या बायकांना कुठलीही बातमी तुकड्यातुकड्यानं सांगायची सवय असते. त्या बुधवारी नवी आत्यासमोर चादर धरून उभी होती.

"मुकादमानं मला बोलावलंय," जवळ आल्यावर नवी म्हणाली.

मागे जाऊन त्या परत आल्या.

"कशाला?" आत्यानं विचारलं.

परत मागे, परत पुढे.

"साबणाच्या खोलीत ये म्हणाला. एकटीच."

आत्यानं चादर तिथंच सोडली, जे ती कधी करत नसे. "मी दाराबाहेर उभी राहते," ती म्हणाली. "मला सवय आहे."

साबणाच्या खोलीत मुकादम साबणाच्या पोत्यांकडे तोंड करून उभा होता. बोलणंही पोत्यांशीच चालू झालं.

"तुम्ही नव्या, म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्हा सगळ्यांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"म्हणजे ते," मुकादम म्हणाला आणि थांबला. मग खोल पाण्यात उडी मारावी तसा म्हणाला, "पाळीचं वगैरे."

"ते अगदी सुरळीत चाललंय," नवी म्हणाली. "आज बुधवारवालीची झाली. उद्या माझी. परवा आत्याची."

मुकादमानं एका पोत्यावर हात ठेवला. "आधीच ठाऊक असतं तुम्हाला?"

"ठरवूनच घेतलंय ना आम्ही."

"ठरवून."

"आणि एखादीला जमत नसलं तर दुसरी घेते. मागच्या आठवड्यात आत्याचे गुडघे धरले होते, तर तिची मी घेतली."

मुकादम पोत्यावर बसला. त्याचा चेहरा आता लाल नव्हता, साबणासारखा पांढरा पडला होता. "आत्याबाईंना," तो हळूच म्हणाला, "या वयात?"

"त्यांनाच तर जास्त हौस. पोरं त्यांचंच ऐकतात."

"कोणती पोरं?"

"आमची. सगळ्यांची. ज्यांना सांभाळायची पाळी असते ती."

बाहेर आत्या खोकली. मुकादमानं पोत्यांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि मग नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा नवीकडे पाहिलं. त्याच क्षणी नवीलाही खुर्ची कळली, उशी कळली आणि गरम पाण्याची पिशवीही कळली. तिनं पदर तोंडाला लावला. हसू येत होतं म्हणून नव्हे. आता संपलं, असं तिला वाटलं. आधीच्या कामावरही असंच खरं बाहेर पडलं होतं आणि संध्याकाळी ती रस्त्यावर आली होती.

"माझ्या बहिणीला पत्ता विचारणार होतो लेडी डॉक्टरचा," मुकादम म्हणाला. "म्हटलं वाफेमुळे काही होतंय की काय." तो उठला, पँट झटकली. "तुम्ही मला काही सांगितलं नाही. मी काही ऐकलं नाही. उद्या तुमची पाळी आहे ना? मग घ्या." पाळी हा शब्द त्यानं आता असा उच्चारला, जणू तो त्याला नवाच मिळाला होता.

नवी बाहेर आली आणि आत्याला सगळं सांगितलं, यावेळी एका दमात. आत्या भिंतीला टेकून इतकी हसली की तिचे गुडघे परत धरले.

पण सुख फार दिवस टिकलं तर त्याला सुख कोण म्हणेल. त्याच दुपारी मालक आला. जुन्या मालकाचा हा मुलगा. धुलाईघरात येताना नाकाला रुमाल लावायचा आणि जाताना काढायचा, जणू बाहेरचा नाला बरा. त्यानं एका मोठ्या हॉस्पिटलचं काम घेतलं होतं. तो यंत्रांमधून फिरला, बायका मोजल्या आणि मुकादमाला विचारलं, "रोज एक बाई कमी का असते?"

मुकादमानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला कारण ठाऊक नसताना ते सांगणं कठीण होतं. आता ठाऊक झाल्यावर ते अशक्य झालं होतं.

"ते काही नाही," मालक म्हणाला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यानं रुमाल बाजूला केला. "उद्यापासून एकही बाई गैरहजर चालणार नाही. जिची दांडी पडेल तिनं परवापासून यायचे कष्ट घेऊ नयेत."

मग रुमाल परत लावून तो गेला.

उद्या गुरुवार होता.

संध्याकाळी सहाही जणी आत्याच्या खोलीत बसल्या. पोरं मांड्यांवर, पाठींवर आणि पलंगाखाली होती. आत्या म्हणाली, "उद्या मी राहते. माझे किती दिवस उरलेत त्या चादरींत?" इस्त्रीवाली म्हणाली, "मग शुक्रवारी कोण? आणि शनिवारी? रोज एक गेली की आठवड्यात धुलाईघर रिकामं आणि पोरं तशीच." एकीनं दबकत विचारलं, "आत्याची खोली मोठी आहे. दाराला कुलूप लावून गेलं तर? सगळी बरोबर असतील. एकमेकांना सोबत होईल."

कुणी तिच्यावर ओरडलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच आलं होतं, तिनं फक्त बोलून दाखवलं.

"नाही," नवी म्हणाली. ती सहसा सगळ्यांत शेवटी बोलायची. "मी लावलेलं आहे कुलूप. संध्याकाळी उघडलं की पोर दाराला चिकटून बसलेली असायची. रडतसुद्धा नसायची, आत्यानं ऐकलं तेवढंच. ती वाट बघायची नाही, नुसती बसायची. मी ते परत करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही. पाळी माझी आहे, मी घेणार. काम जायचं असलं तर जाऊ दे."

"आणि खाशील काय?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"ते मला ठाऊक नाही," नवी म्हणाली. ते अगदी खरं होतं.

आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. उपाय कुणालाच सुचला नाही. मग एकेक पोर उचलून ज्या त्या आपापल्या खोलीत गेल्या.

सकाळी पाचजणी पोरं सोडून कामाला गेल्या. जाताना कुणी नवीकडे नीट बघितलं नाही. नवीनं चटई अंथरली, दोन पोरांचं भांडण सोडवलं आणि तिसऱ्याचं नाक पुसलं. तिला भीती वाटत होती, पण नऊ पोरं भोवती असताना माणसाला सलग भीतीसुद्धा वाटून घेता येत नाही. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं.

मुकादम होता. इस्त्री केलेला शर्ट आणि हातात जेवणाचा डबा. तो दाराच्या चौकटीशी बोलला.

"तुम्ही कामावर जा. आज माझी पाळी आहे."

नवीला आधी काही कळलंच नाही. "पण तुम्ही गेला नाहीत तर मालक तुम्हालाच काढेल."

"बाई गैरहजर नको, असं म्हणाला तो," मुकादम म्हणाला. "मी नीट ऐकलं. माझं नाव त्यात नव्हतं." मग त्यानं चप्पल काढली आणि आत आला. "यांना काय काय लागतं ते पटकन सांगा."

नवीनं सांगितलं. तो चावतो. ती सांगत नाही, नुसती कोपऱ्यात जाते, तेव्हा लगेच न्यायचं. हे धाकटं पाठीवर थोपटल्याशिवाय झोपत नाही. माझी तुम्हाला शिवी देईल, ती आत्याची आहे, मनावर घेऊ नका. मुकादम मालाची यादी ऐकावी तसा मान हलवत होता. सगळ्यांत धाकटं सरपटत आलं आणि त्याच्या पँटला धरून उभं राहिलं. मुकादम हलला नाही. हलावं की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं.

नवी धावत सुटली. गल्ली संपेपर्यंत तिला रडू आवरत नव्हतं, आणि ती रडली.

धुलाईघरात मालक आधीच आला होता. त्यानं बायका मोजल्या. सहा. परत मोजल्या. तो समाधानानं हसणार होता, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की बॉयलर बंद आहे, हॉस्पिटलची गाडी दारात उभी आहे आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

"मुकादम कुठे आहे?"

इस्त्रीवाली एकाच अभ्र्यावरून इस्त्री फिरवत राहिली. मालकासमोर सगळ्यांत जवळ नवी उभी होती, धापा टाकत. त्यानं तिलाच विचारलं.

आता नवीला खोटं बोलता येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यानं डोळे मिटून घेतले.

"साहेब," नवी म्हणाली, "त्यांची आज पाळी आहे."

अभ्र्याला करपल्याचा वास येऊ लागला.

"काय आहे?" मालकानं विचारलं.

"पाळी. पोरं सांभाळायची. रोज आमच्यापैकी एकीची असते. आज माझी होती. बाई गैरहजर नको म्हणालात, म्हणून ते बसले. एकही बाई गैरहजर नाही, साहेब. मोजून घ्या."

मालकानं तिसऱ्यांदा मोजल्या. रागवावं कुणावर हे त्याला सापडेना. नवीला कामावरून काढावं तर ती हजर होती. मुकादमाला काढावं तर आत्ता, याच मिनिटाला, बॉयलर कोण लावणार होतं? हॉर्न वाजतच होता. मालकानं रुमाल खिशात घातला आणि स्वतः बाहेर गेला.

त्या दिवशी मालकानं मुकादमाचं काम केलं. बॉयलर लावला, ड्रायव्हरशी भांडला, गठ्ठे उतरवून घेतले, मोटर बंद पडली ती सुरू केली आणि फोन घेतले. दुपारी तो खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला. इस्त्रीवालीनं न सांगता अभ्रे खाली ठेवले. आत्यानं गरम पाण्याची पिशवी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती कमरेखाली घेतली आणि कशासाठी असते हे विचारलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना तो दारात थांबला. "एक बाई कमी असली तर चालेल," तो म्हणाला. "तो माणूस मात्र मला रोज हवा. सांगा त्याला."

सांगायला नवीच गेली. खोलीत मुकादम चटईवर बसला होता. शर्टावर कसले कसले डाग होते. एक पोर मांडीवर झोपलं होतं, दुसरं पाठीला टेकून. तिची मुलगी त्याच्या डब्याच्या झाकणात पाणी घेऊन ते दुसऱ्या झाकणात ओतत होती. आई आलेली पाहून तिनं मान वर केली, ओळख दिल्यासारखं बघितलं आणि पुन्हा पाणी ओतू लागली. आपण आलो याचं पोरीला काहीच वाटलं नाही, हे बघून नवीला इतकं बरं वाटलं की तिला तिथंच खाली बसावं लागलं.

"मालक म्हणाला, आमचं आधीसारखं चालू दे," ती म्हणाली. "तुम्ही मात्र रोज यायचं."

मुकादमानं मांडीवरच्या पोराच्या पाठीवर थोपटलं. ते झोपलेलं होतं, थोपटायची गरज नव्हती. "म्हणजे माझी पाळी आता नाही," तो म्हणाला.

"नाही."

"बरं बरं." त्यानं पोर हळूच चटईवर ठेवलं आणि डबा शोधू लागला. झाकणं मुलीकडे होती. ती द्यायला तयार नव्हती आणि त्याला मागता येत नव्हती.

नवीनं त्याच्याकडे पाहिलं. रोज संध्याकाळी हा माणूस कुठं जातो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही नाही.

"रविवारी धुलाईघर बंद असतं," ती म्हणाली. "आमच्यात रविवारी कुणाचीच पाळी नाही. म्हणजे सगळ्यांचीच असते. धुणं, पाणी, पोरं."

मुकादमानं बराच विचार केला. "रविवारी मी मोकळा असतो," तो म्हणाला.

त्या रविवारी सकाळी सहा बायकांनी नऊ पोरं मुकादमाच्या हवाली केली आणि गल्लीत येऊन उभ्या राहिल्या. आता काय करायचं, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. आत्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आपली चटई नवीच्या दाराशी आणून तिच्यावर आडवी झाली. बाकीच्या इकडेतिकडे पांगल्या. नवी आत्याशेजारी भिंतीला टेकून पाय पसरून बसली. थोड्या वेळानं इस्त्रीवाली आली.

"काय करतेयस?" तिनं विचारलं.

"काही नाही," नवी म्हणाली.

इस्त्रीवाली तिच्या बाजूला पाय पसरून बसली आणि तीही तेच करू लागली.